वाकेन, पण मोडणार नाही

प्रस्तावना

'मोडेन, पण वाकणार नाही' ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. तत्त्वासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या माणसाविषयी बोलताना आपण ती आदराने वापरतो. परंतु काही वस्तू अशा असतात, की त्यांचे सारे मोल वाकण्यातच असते. वाऱ्यापुढे लवणारा वेळू, पाण्याच्या ओझ्याने लवून पुन्हा सरळ होणारी कावडीची काठी आणि मालमोटारीच्या पोटाखालचा पोलादी पाटा ही त्यांची उदाहरणे आहेत. या वस्तू वाकल्या नाहीत, तर मोडतील आणि त्यांच्यावर विसंबलेल्या माणसालाही घेऊन जातील.

वाहनाची चाके आणि सांगाडा यांच्यामध्ये राहून धक्के सोसणाऱ्या भागांना 'सस्पेन्शन' असे म्हणतात. पक्का रस्ता सोडून खाणीत, जंगलात किंवा शेतात चालणाऱ्या वाहनांत या भागांची कसोटी लागते. प्रस्तुत पाठात आपण त्यांची रचना, देखभाल आणि दुरुस्ती यांची माहिती घेणार आहोत. तुमच्यापैकी काही जण गॅरेजमध्ये किंवा खाणीत काम करीत असतील. त्यांना यातील बरेचसे हाताने ठाऊक असेल. हाताला ठाऊक असलेले नेमक्या शब्दांत कसे मांडावे, हेही आपण येथे पाहू.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• सस्पेन्शनच्या प्रमुख भागांचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगणे.
• बिघाडाची लक्षणे आणि कारणे यांचा संबंध जोडणे.
• दुरुस्ती करताना घ्यावयाच्या काळजीची कारणे स्पष्ट करणे.
• अनुकरणवाचक शब्द ओळखणे व त्यांचा योग्य वापर करणे.
• बिघाडाची स्पष्ट आणि नेमकी नोंद लिहिणे.

मूळ पाठ

१. लाल डोंगराची वाट

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग मागे पडले, की भिलाईचा पोलाद कारखाना येतो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने हा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे येथे मराठी बोलणारी कुटुंबे पूर्वीपासून आहेत, आणि कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने त्यांत भर पडत गेली.

भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून आले. या डोंगरांची एक गोष्ट सांगतात. पोलाद कारखान्यासाठी खनिज शोधणारे दोराबजी टाटा १९०४ साली निराश होऊन नागपूरला आले होते. तेथील संग्रहालयात त्यांना एक भूशास्त्रीय नकाशा दिसला, आणि त्यावर या भागातील लोहखनिजाची खूण होती. पुढे अधिक सोयीची जागा सापडल्याने टाटांचा कारखाना आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. राजहराच्या डोंगराला मात्र भिलाईची वाट पाहावी लागली.

उघड्या खाणीत डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापला जातो. सुरुंगाने फोडलेले खनिज यंत्राने उचलून डंपरमध्ये भरतात आणि डंपर ते दळणयंत्रापर्यंत नेतो. अशा वाहनांत ३५ टनांपासून १०० टनांहून अधिक भार वाहणारे डंपर असतात. 'भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड' या नावाने १९६४ साली स्थापन झालेली सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी आपल्या देशात असे डंपर बनविते. खाणीचा रस्ता डांबरी नसतो. तो आज एका पायरीवर, तर काही महिन्यांनी दुसऱ्या पायरीवर असतो. त्यावर सांडलेले दगड असतात, चढउतार असतात, आणि पावसाळ्यात तर खड्डा पाण्याखाली दडलेला असतो. भरलेला डंपर अशा खड्ड्यात गेला, की तो धक्का आधी टायरला, मग सस्पेन्शनला, मग सांगाड्याला आणि शेवटी चालकाच्या पाठीच्या कण्याला पोहोचतो.

२. पाटा : वाकणारे पोलाद

जीप, ट्रॅक्टरची ट्रॉली, टिप्पर अशा कितीतरी वाहनांत आजही पाटे दिसतात. जुन्या टांग्याच्या कमानी आठवा. हे पाटे त्यांचेच वंशज. कमी-अधिक लांबीच्या पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून त्या मधोमध एका बोल्टने बांधतात. त्याला 'सेंटर बोल्ट' म्हणतात. ही जुडी 'यू-बोल्ट'च्या साह्याने आसाला घट्ट आवळलेली असते. सर्वांत लांब पट्टीला 'मेन पाटा' म्हणतात. तिची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा सांगाड्याला पक्का जोडतात. दुसरा डोळा 'शॅकल' नावाच्या झुलत्या दुव्याला जोडतात, कारण भार पडला, की पाटा सरळ होतो आणि त्याची लांबी वाढते. त्या वाढीला जागा लागते.

भार दुप्पट, तर वाकही दुप्पट. स्प्रिंगचा हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडला. परंतु या नियमाला एक मर्यादा आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे वाकविलेला पाटा पूर्वपदावर येत नाही. गॅरेजमध्ये त्याला 'पाटा बसला' असे म्हणतात. बसलेल्या पाट्याच्या बाजूला वाहन कलते.

जास्त भार भरता यावा म्हणून काही जण एखादी जादा पट्टी घालतात. पाटा त्यामुळे ताठ होतो, हे खरे. पण आस, सांगाडा, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही. जो धक्का पाट्याने वाकून पचवायचा, तो आता दुसऱ्या कुणाला तरी सोसावा लागतो. मोडणे टळत नाही, फक्त त्याची जागा बदलते.

३. तेल आणि वायू

मोठ्या डंपरमध्ये बहुधा पाटे नसतात. त्यांच्या जागी जाड नळकांडी असतात. नळकांड्यात तेल आणि नायट्रोजन वायू भरलेला असतो. चाक वर उचलले गेले, की वायू दाबला जातो आणि स्प्रिंगचे काम करतो. त्याच वेळी तेल लहान छिद्रांतून जोराने वाहते आणि उसळीचा जोर कमी करते. जीपमध्ये हे दुसरे काम 'शॉक अॅब्सॉर्बर' म्हणजे धक्काशोषक करतो. स्प्रिंग धक्का झेलते. धक्काशोषक तिचे उसळणे थांबवितो.

येथे नायट्रोजनच का, हे समजून घ्यायला हवे. नायट्रोजन हा कोरडा आणि ज्वलनाला मदत न करणारा वायू आहे. साध्या हवेत बाष्प असते, त्यामुळे आतला भाग गंजतो. शिवाय तिच्यात प्राणवायूही असतो. तेलाची वाफ, दाब आणि प्राणवायू एकत्र आले, तर स्फोट होऊ शकतो. वेल्डिंगचा ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी आहे, म्हणून तोच जोडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. सिलिंडरवरचे नाव वाचल्याशिवाय नळी जोडू नये.

४. मोडण्याआधीची सूचना

पाटा फारच क्वचित एकाएकी तुटतो. गंजलेला ठिपका किंवा ओरखडा यापासून केसासारखी बारीक चीर सुरू होते आणि प्रत्येक धक्क्याबरोबर ती थोडी पुढे सरकते. सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी वाक सर्वाधिक असतो आणि छिद्रामुळे तेथील पोलादही कमी झालेले असते; म्हणून बरेच पाटे तेथेच तुटतात. यू-बोल्ट सैल झाले, तर हा धोका आणखी वाढतो.

म्हणून पाळी सुरू होण्यापूर्वीची पाहणी महत्त्वाची. वाहन सपाट जमिनीवर, रिकामे उभे करावे. मागून पाहावे, ते एका बाजूला कलले आहे का? दोन्ही बाजूंची उंची मोजपट्टीने मोजावी, डोळा फसतो. चिखल धुऊन पट्ट्यांच्या कडा पाहाव्यात. जोडातून तांबूस भुकटी किंवा गंजाची रेघ ओघळलेली दिसली, तर तेथे काहीतरी हलते आहे, असे समजावे. राजहरासारख्या ठिकाणी सारेच लाल असते. म्हणून धुतल्यावाचून ही खूण दिसत नाही. नळकांड्याचा चकचकीत दांडा किती बाहेर आहे, हे दोन्ही बाजूंना मोजावे. दांड्यावर ओरखडा असेल, तर तो तेल अडविणारे सील फाडतो. तेलाचा पुसट ओलावा आणि तेलाचा ओघळ यांत फरक करावा. ओघळ दिसला, तर सील गेले.

कानही कामाला लावावेत. कोरड्या बुशातून करकर ऐकू येते. झिजलेला शॅकल खडखडतो. खड्ड्यात गेल्यावर एकच जोराचा 'ठक' असा आवाज आला, तर सस्पेन्शनचा वाव संपून धातूवर धातू किंवा रबरी ठोकळ्यावर आस आदळला आहे. जीपचा एक कोपरा दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली, तर ठीक. झोके घेत राहिली, तर धक्काशोषक निकामी झाला आहे.

५. दुरुस्ती : क्रम आणि कारण

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी वाहन सपाट जागी उभे करून चाकांना पाचर लावावी, इंजिन बंद करावे आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. जॅक उचलण्यासाठी असतो, आधारासाठी नसतो. सांगाडा भक्कम स्टँडवर टेकविल्याशिवाय खाली शिरू नये. डंपरचा हौद उचलला असेल, तर त्याची सुरक्षा-खीळ लावलेली असलीच पाहिजे.

काढलेला पाटा उलगडताना आधी तो शिकंज्यात घट्ट पकडावा आणि मगच सेंटर बोल्ट सोडावा. नाहीतर वाकलेल्या पट्ट्या उसळून हाताला किंवा चेहऱ्याला इजा करतात. तुटलेली पट्टी वेल्डिंगने जोडू नये. पाट्याचे पोलाद विशिष्ट उष्णता देऊन लवचीक बनविलेले असते. वेल्डिंगच्या तापाने तो गुण नाहीसा होतो आणि जोडाजवळ पोलाद ठिसूळ बनते. वरून जोड पक्का दिसतो, पण तो उतारावर केव्हा दगा देईल, याचा भरवसा नसतो. एका बाजूचा पाटा जुना आणि थकलेला, तर दुसरीकडचा नवा, असे झाल्यास वाहन कलते. म्हणून शक्यतो दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदलावेत.

यू-बोल्टचे आटे एकदा ताणले गेले, की पुन्हा तशी पकड देत नाहीत. त्यामुळे नवे बोल्ट वापरावेत. ते एकेक न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, आणि थोडे चालविल्यानंतर पुन्हा तपासावेत, कारण नव्या पट्ट्या एकमेकींवर बसल्या, की पकड सैल होते. धातूच्या बुशाला ग्रीस द्यावे. रबरी बुशाला मात्र तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे रबर फुगून खराब होते.

नळकांड्याचे काम करताना वाहन आधी रिकामे करावे. आतील वायू झडपेतून सावकाश आणि पूर्णपणे सोडावा. वायू निघताना वाहन खाली बसते. त्या वेळी चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये कुणीही असू नये. वायूचा दाब शिल्लक असताना एकही बोल्ट सैल करू नये. माहितीपुस्तिकेत दिलेल्या उंचीवर वाहन ठेवून आधी तेलाची पातळी पुरी करावी आणि मग नायट्रोजन भरावा. दाबाचा आकडा प्रत्येक वाहनासाठी वेगळा असतो. तो आठवणीवर न सोडता पुस्तिकेतूनच घ्यावा.

६. रस्ता, पाठ आणि नोंदवही

सस्पेन्शनची देखभाल केवळ गॅरेजमध्ये होत नाही. रस्त्यावर सांडलेले दगड उचलणे, पाण्याचा निचरा करणे, खड्डे वेळेवर बुजविणे हाही तिचाच भाग आहे. ज्याच्या हातात फावडे किंवा ग्रेडर आहे, तोही पाट्याचे आयुष्य वाढवीत असतो. आणि केवळ पाट्याचेच नव्हे. वर्षानुवर्षे धक्के खाल्ल्याने चालकांना कंबरदुखी जडते. पाटा बदलता येतो. पाठीचा कणा बदलता येत नाही.

शेवटची गोष्ट लिहिण्याची. खाणीत काम पाळ्यांमध्ये चालते. एका चालकाने ऐकलेला आवाज दुसऱ्या चालकापर्यंत पोहोचतो, तो नोंदवहीतून. समजा, पहिल्या पाळीच्या चालकाने लिहिले : 'गाडी नीट चालत नाही.' या वाक्यातून कुणाला काय कळणार? आता दुसरी नोंद पाहा : 'पुढील डाव्या नळकांड्यातून तेल ओघळत आहे. डावा दांडा उजव्यापेक्षा ४ सेंटिमीटर कमी बाहेर आहे. भरलेली गाडी उतरताना डावीकडून ठक असा आवाज येतो. तपासल्याशिवाय गाडी चालवू नये.' या चार वाक्यांत जागा आहे, माप आहे, प्रसंग आहे आणि इशाराही आहे. या नोंदीमुळे पुढच्या पाळीतला चालक सुखरूप घरी जाऊ शकतो.

पाट्याचे वाकणे ही त्याची दुर्बलता नव्हे, तेच त्याचे काम आहे. पण वाकणाऱ्यालाही मर्यादा असते आणि ती ओलांडण्यापूर्वी तो आपल्याला सांगत असतो. ते ऐकणे, समजणे आणि दुसऱ्याला कळेल असे लिहून ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. शॅकलची गरज असते, कारण
(क) पाट्याला रंग टिकतो (ख) भार पडल्यावर पाट्याची लांबी वाढते (ग) टायर झिजत नाही
२. डंपरच्या नळकांड्यात भरतात
(क) ऑक्सिजन (ख) साधी हवा (ग) नायट्रोजन

(आ) रिकाम्या जागा भरा.
१. पाटे बहुधा ________ च्या छिद्रापाशी तुटतात.
२. जॅक उचलण्यासाठी असतो, ________ नसतो.

भाषाभ्यास

१. अनुकरणवाचक शब्द : आवाजाचे अनुकरण करून बनलेल्या शब्दांना अनुकरणवाचक किंवा ध्वन्यनुकारी शब्द म्हणतात. करकर, खडखड, ठक हे या पाठातील शब्द पाहा. हे शब्द केवळ वर्णन करीत नाहीत, तर आवाजातील भेद दाखवितात. सतत येणारा आवाज दाखविताना शब्दाची पुनरुक्ती होते (खडखड), एकदाच येणारा आवाज एकेरी शब्दाने दाखवितात (ठक).

२. 'पाटा' हा शब्द : मसाला वाटण्याचा पाटा आणि वाहनाचा पाटा यांत शब्द एकच, वस्तू वेगळ्या. भिलाईकडे हिंदी बोलणारे कारागीर वाहनाच्या पाट्याला 'कमानी' म्हणतात. तेथे वस्तू एकच, शब्द वेगळे. नोंद लिहिताना वाचणाऱ्याला परिचित असलेला शब्द वापरावा.

३. विध्यर्थी क्रियापदे : 'वाहन उभे करावे', 'नळी जोडू नये' अशा वाक्यांतून कर्तव्य, सूचना किंवा निषेध व्यक्त होतो. सूचना लिहिताना अशा रचनेचा उपयोग होतो. सूचनेबरोबर कारणही दिले, तर ती लक्षात राहते.

आपण काय शिकलो

• सस्पेन्शन धक्का स्वतः सोसून वाहन व माणूस यांचे रक्षण करते.
• पाटा अधिक ताठ केल्याने वाहन अधिक बळकट होत नाही.
• बिघाडाची पूर्वसूचना डोळ्यांना, कानांना आणि मोजपट्टीला मिळते.
• दुरुस्तीतील प्रत्येक नियमामागे कारण असते आणि घाई जिवावर बेतू शकते.
• नेमकी नोंद हीसुद्धा सुरक्षिततेचे साधन आहे.

पाठान्त प्रश्न

१. 'मोडेन, पण वाकणार नाही' ही म्हण पाठाच्या शीर्षकात उलट का केली आहे? पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. तुटलेली पट्टी वेल्डिंगने का जोडू नये?
३. 'मोडणे टळत नाही, फक्त त्याची जागा बदलते.' या विधानाचा आशय उदाहरणासह स्पष्ट करा.
४. पुढील नोंद अधिक नेमकी करून पुन्हा लिहा : 'सायकल आवाज करते.'
५. तुमच्या कामाच्या ठिकाणच्या किंवा घरातील एखाद्या वस्तूची देखभाल कशी करावी, याच्या पाच सूचना कारणांसह लिहा.

शब्दार्थ

झोतभट्टी : लोहखनिज वितळवून लोखंड मिळविण्याची भट्टी
आस : चाके ज्यावर फिरतात तो दांडा
शिकंजा : वस्तू घट्ट धरून ठेवणारे अवजार
पाचर : चाक सरकू नये म्हणून लावलेला निमुळता ठोकळा
ठिसूळ : सहज तुटणारे
हौद : डंपरचा माल भरण्याचा भाग

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. (ख) २. (ग)
(आ) १. सेंटर बोल्ट २. आधारासाठी